एकटा दिवा ओळखायचा कसा?

प्रश्न : डॉक्टर ताई, माझं वय 27. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, कामाला आहे. मळ्यात हिरव्या पाल्यातली लाल मिरची मला पटकन दिसत नाही, घरचे हसतात. पिकअपच्या लायसन्ससाठी डोळे तपासायला गेलो, तर रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचता आले नाहीत. ‘तुला लायसन्स मिळणारच नाही,’ म्हणून परत पाठवलं. खरंच मिळणार नाही का? आणि रात्री सिग्नल कसा ओळखू?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : भाऊ, ‘मिळणारच नाही’ हे चूक आहे. जून 2020 मध्ये केंद्राने नियम बदलला. रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर लायसन्स मिळतं, तीव्र असेल तर नाही. जपानच्या इशिहारांनी 1917 साली काढलेली ती ठिपक्यांची पुस्तिका दोष आहे का, एवढंच पकडते. तो किती आहे हे नीट सांगत नाही. मोठ्या नेत्ररुग्णालयात तीव्रता मोजून घ्या आणि तो कागद घेऊन पुन्हा जा. हसणाऱ्यांना सांगा, हे जन्मजात असतं. आईकडून मुलाकडे येतं, पण तिला बोल लावू नका. तिला स्वतःला बहुधा सगळे रंग नीट दिसतात.

दिवसा सिग्नल सोपा : वर लाल, मध्ये पिवळा, खाली हिरवा. हिरव्यात मुद्दाम निळसर झाकही ठेवतात. अडचण रात्रीची. माझ्याकडे आलेल्या एका क्लीनरला सिग्नलचं चित्र दाखवलं, त्याने धडाधड सांगितलं. मग पुठ्ठ्याला भोक पाडून एकच दिवा उघडा ठेवला. पोरगं गप्पच झालं. अंधारात सिग्नलचा डबा दिसत नाही, तेव्हा तुमच्यापुढेही असाच एकटा दिवा असतो. लुकलुकणारा पिवळा म्हणजे सावकाश जा, लुकलुकणारा लाल म्हणजे पूर्ण थांबून, बघून जा. फरक कळला नाही तर थांबाच. काहींना लाल उजेड मुळातच मंद दिसतो, पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइटसुद्धा. अंतर जास्त ठेवा.

पाट्यांचं त्यामानाने बरं आहे. ‘थांबा’ अष्टकोनी, ‘रस्ता द्या’ उलटा त्रिकोण. रंग नाही कळला तरी आकार कळतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये सिग्नलचा लाल दिवाच चौकोनी असतो. आपल्याकडे निदान डब्यामागे काळी पाटी आणि तिच्या कडेने हेडलाइटमध्ये चमकणारी पिवळी पट्टी हवी, म्हणजे पेटलेला दिवा वरचा की खालचा ते रात्रीही कळेल. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन महामार्ग भेटतात, रात्रभर गाड्या चालतात. आमच्या पालिकेला मी हे लेखी दिलंय. पथारीवरच्या ड्रायव्हर मंडळींच्या सह्या घेऊन तुम्हीही तुमच्याकडे द्या.