नाव घेऊन लिहिण्याआधी

नोकरी सोडून दोन महिने झालेत, तिथल्या वरिष्ठाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल आज रात्रीच त्याचं नाव घेऊन फेसबुकवर लिहू का, असं तुम्ही विचारलंय. लिहू नका असं मी म्हणणार नाही. फक्त आज रात्री नको.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे कंपनीच्या अंतर्गत समितीकडे (अशा तक्रारींची चौकशी करणारी समिती) शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण ते तिला पटलं तर. नोकरी सोडली म्हणून हा हक्क जात नाही. याच कायद्याचं कलम 16 मात्र तक्रारीतला मजकूर, दोन्ही बाजूंची आणि साक्षीदारांची ओळख, चौकशीचं कामकाज हे सगळं जाहीर करायला मनाई करतं. तक्रारीनंतर पोस्ट टाकलीत तर त्याचा वकील आधी यावरच बोट ठेवेल. आधी पोस्ट टाकलीत तर तो सावध होईल, साक्षीदारही कच खातील. माझं मत विचाराल तर आधी तक्रार.

‘खरं आहे ना, मग बदनामी कसली?’ असं हमखास म्हटलं जातं. फौजदारी बदनामीत (आता भारतीय न्याय संहितेचं कलम 356) नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. पत्रकार प्रिया रमाणींनी 2018 मध्ये ट्विटरवर माजी संपादक आणि तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं. अकबर यांनी आरोप नाकारून बदनामीचा खटला भरला. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडलं, आणि स्त्रीला कित्येक वर्षांनीही, तिला हव्या त्या व्यासपीठावर तक्रार मांडता येते असं म्हटलं. निकालाने हुरूप येतो, खरंच. पण मधली दोन वर्षांहून जास्त कोर्टाच्या तारखांत गेली, तेही हिशोबात धरा.

लिहाल तेव्हा विशेषणं गाळा. ‘तो विकृत आहे, सगळ्यांशी असंच वागतो’ हे वाक्य तुम्हाला सिद्ध करता येणार नाही. ‘मीटिंग संपल्यावर बाकीचे गेले, त्याने दार लावलं, खांद्यावर हात ठेवला, मी नको म्हटल्यावरही काढला नाही’ हे तुम्ही स्वतः अनुभवलंय. तेवढंच लिहा. ऐकीव एक ओळही नको, आणि दुसऱ्या कुणाचा अनुभव तिला विचारल्याशिवाय तर अजिबात नको. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘पावसाळ्याच्या सुरुवातीला’ चालेल, अंदाजाने तारीख ठोकू नका. उलटतपासणीत तीच एक तारीख धरून बसतात.

पुराव्याचं थोडक्यात: व्हॉट्सॲपचे मेसेज डिलीट करू नका, कापलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ फोन विकू नका. तेव्हा मैत्रिणीला किंवा बहिणीला काही सांगितलं असेल तर तो मेसेजही शोधा. त्याच वेळचा असल्यामुळे त्याला वजन असतं.

पुढेमागे पोस्ट टाकलीतच, तर ‘इतके दिवस गप्प का होतीस?’ येणारच. उत्तर देत बसू नका. कमेंट वाचायचं काम जवळच्या कुणाकडे सोपवा, धमकी आली तर तेवढी जपून ठेवायला सांगा.

उद्या सकाळी आधी शेवटच्या प्रसंगाची तारीख कागदावर काढा आणि तीन महिने कधी भरतात ते मोजा. तक्रारीच्या सहा प्रती लागतात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. कंपनीत दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं.