हात मागे बांधून उभा राहा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला आणि मन भरून आलं. २०२४ मध्ये राज्यातल्या शाळांत ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम आला तेव्हापासून बऱ्याच शाळांत त्या दिवशी चित्रं, गाणी, कागदकाम चालतं. तू मात्र तिसरीच्या मुलांबरोबर स्वयंपाक करायचा ठरवलास, मुलगे आणि मुली दोघांनाही घेऊन. फार चांगलं केलंस.

तू विचारलंयस, सुरुवात कोणत्या पदार्थानं करू? ते सांगतेच. पण त्याआधी तुझ्या स्वतःच्या हातांबद्दल बोलू दे. मुलांबरोबर स्वयंपाक करताना सगळ्यात मोठी अडचण मोठ्या माणसाचे हातच करतात.

उकडलेला बटाटा सोलणारं आठ वर्षांचं मूल नीट बघ. आधी ते बटाटा हातात फिरवत राहतं. मग कुठेतरी साल उचकटलेली दिसते, तिथे नख घालतं. सालीबरोबर बटाट्याचा हा एवढा तुकडा निघून येतो. मूल तो खाऊन टाकतं आणि पुन्हा नख घालतं. एका बटाट्याला पाच मिनिटं जातात आणि शेवटी हातात उरतो तो ओबडधोबड गोळा. या पाच मिनिटांत तुझा हात कितीदा पुढे जाईल! ‘दे इकडे, मी पटकन करतो’ हे वाक्य जिभेवर येईल. ते गिळ. मूल भाजणार नसेल, कापून घेणार नसेल, तर हात मागे बांधून उभा राहा. तू बटाटा हातातून घेतलास की त्या मुलाला एवढंच कळतं की सरांना हे आपल्यापेक्षा चांगलं येतं. ते त्याला आधीच ठाऊक असतं, त्यासाठी स्वयंपाक कशाला मांडायचा?

आता पदार्थ. पहिल्या शनिवारी भेळ कर. विस्तव लागत नाही आणि काम सगळ्यांना पुरतं. कोथिंबीर निवडायला चार जण, बटाटे सोलायला पाच-सहा जण, लिंबं पिळायला दोघं. कांदा तू चीर. टोमॅटो आणि बटाटा मुलांना चिरू दे. त्यासाठी धार नसलेल्या, गोल टोकाच्या सुऱ्या घे. विळी वर्गात आणूच नकोस, घरात कितीही सवयीची असली तरी. चिंचेचा कोळ काढायचं काम ज्यांना शांत बसवत नाही त्यांना दे. चिंच आदल्या रात्री भिजत घाल. सकाळी त्यात हात घालून ती कुस्करायची, चिंचोके आणि दोरे वेगळे काढायचे, यात मुलं अशी रमतात की हाक मारली तरी ऐकू जात नाही. गूळ किती घालायचा ते सांगू नकोस. थोडा घालायचा, चमच्याच्या टोकावर घेऊन चाखायचा, पुन्हा घालायचा. चाखलेला चमचा परत भांड्यात जायचा नाही, हा नियम मात्र पहिल्या मिनिटाला सांग आणि शेवटपर्यंत पाळ.

भेळ कालवताना एक गंमत कर. अर्धी कालवून लगेच खायला दे, अर्धी दहा मिनिटं तशीच ठेव. दुसरी मऊ पडते. का पडली ते त्यांना बोलू दे. ‘चुरमुऱ्यांनी पाणी प्यायलं’ असं कुणीतरी म्हणेलच, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

स्वयंपाकात गणित येतं. अर्धी वाटी, पाव चमचा, बावीस मुलांना किती लिंबं. ते येऊ दे, पण त्यासाठी फळा ओढून आणू नकोस. आमच्या क्षेत्रात हा रोग जुना आहे: मुलांना एखादी गोष्ट आवडली रे आवडली, की तिच्याखाली लगेच प्रश्नावली जोडायची. वाटी अर्धी भरली का, हे मूल डोळा वाटीच्या काठाला लावून बघतं तेव्हा अपूर्णांक त्याच्यापर्यंत पोचलेला असतो.

भाजण्याचा पदार्थ तिसऱ्या-चौथ्या शनिवारी घे. ओव्हन नाही म्हणून अडू नकोस. जाड बुडाची मोठी कढई घे, तळाला जाडं मीठ पसर, त्यावर भांडं टेकवायला एक रिंग ठेव आणि घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापली की तुझी भट्टी तयार. मीठ नंतर डब्यात भरून ठेव, पुढच्या वेळी तेच चालतं.

सोपा म्हणजे रव्याचा केक. एक वाटी बारीक रवा, पाऊण वाटी साखर, एक वाटी दही, पाव वाटी पातळ तूप, चिमूटभर मीठ, वेलची. कालवून वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवायचं म्हणजे रवा फुगतो. घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध. भांड्यात ओतायच्या अगदी आधी अर्धा छोटा चमचा खाण्याचा सोडा घालायचा. सोडा घालण्याआधी एवढं नक्की कर: एका वाटीत चमचाभर दही घे, त्यावर चिमूटभर सोडा टाक आणि वाटी मुलांच्या कानाशी ने. बारीक चुरचुर ऐकू येते. दह्यातल्या आंबटाची सोड्याशी गाठ पडते, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात आणि हेच बुडबुडे केक वर उचलतात. म्हणूनच सोडा घातल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, बुडबुडे उडून जातात आणि केक दडस होतो. हे कारण कानांनी ऐकलेलं मूल पुढे स्वतःच घाई करतं, ‘सर, लवकर!’ म्हणून. मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं लागतील. मध्ये झाकण उघडायचा हट्ट होईल. अर्धा तास होईपर्यंत उघडू नकोस, नंतर सुरी खुपसून बघ. कोरडी निघाली की झाला.

आणि नानकटाई. हिच्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मुलांच्या हातांसाठी यापेक्षा चांगला पदार्थ मला माहीत नाही. एक वाटी मैद्याला अर्धी वाटी थिजलेलं तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर. तूप पातळ घेतलंस तर नानकटाई पसरून पापडासारखी होते. तूप आणि साखर परातीत घेऊन तळव्यानं फेटायचं. आधी पिवळट, रवाळ असतं. फेटत राहिलं की हळूहळू पांढरं आणि हलकं होतं. एकट्याला दमायला होतं, म्हणून पाळीपाळीनं करू दे. रंग बदलतोय हे पहिल्यांदा ज्याला दिसतं तो ओरडतो आणि सगळे परातीवर वाकतात. मग मैदा, चिमूटभर सोडा आणि वेलची मिसळायची. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की चिवट होते.

गोळे वळताना तुझे हात पुन्हा शिवशिवतील. कुणाचा सुपारीएवढा, कुणाचा लिंबाएवढा. एकसारखे करून देऊ नकोस. लहान आधी करपतो, मोठा आतून कच्चा राहतो, हे कढईतून निघाल्यावर त्यांना दिसेल आणि पुढच्या खेपेला ती आपणहून शेजाऱ्याच्या गोळ्याशी आपला गोळा ताडून बघतील. वरून अंगठ्यानं हलकं दाबायचं, चारोळी लावायची. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. बाहेर काढल्यावर ती मऊच लागते, मुलांना वाटतं बिघडली. गार होईपर्यंत हात लावायचा नाही, मग ती खुसखुशीत होते. सगळ्या शनिवारांत हीच वेळ त्यांना सर्वात लांब वाटते. त्या वेळात भांडी घासायला ने.

तुमच्या तालुक्याच्या गावात जुनी बेकरी असेल तर दिवाळीच्या आधी मुलांना घेऊन जा. मैदा, तूप, साखर घरून न्यायची आणि बेकरीतून नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत अजून कितीतरी गावांत आहे. पत्र्यावर आपापले गोळे मांडून देणं, भट्टीचं तोंड उघडल्यावर अंगावर येणारी धग, लांब दांड्याच्या फावड्यानं पत्रा आत सरकवणारा कारागीर, हे मुलांनी एकदा तरी बघावं. त्या माणसाला बोलतं कर. पहाटे किती वाजता भट्टी पेटवता, हे विचारायला मुलांना सांग.

आता एक नाजूक गोष्ट. तुझ्या वर्गात एखादी मुलगी अशी असेल, जी घरी खरोखर स्वयंपाक करते. आई-बाप ऊसतोडीला गेले की धाकट्यांना भाकरी करून घालणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या मुली आपल्याकडे आहेत. बाकीच्यांसाठी शनिवारचा स्वयंपाक म्हणजे मौज, तिच्यासाठी तो रोजचा भार. तिला काम येतं म्हणून ‘तू कर गं पटकन’ असं कधीही म्हणू नकोस. तिचं कसब मात्र वर्गाला दिसू दे. भाकरीचं पीठ किती मळायचं, तवा तापला हे कसं ओळखायचं, हे तिला विचार आणि मुलांना तिच्याकडून शिकू दे. काम मुलग्यांच्या हातात, बोलणं तिचं. आणि ती नुसती बसून नानकटाई खाणार असेल, तर तेही चालेल.

मुलग्यांबद्दल पालक कुरकुरतील. ‘सर, पोरांना पोळ्या लाटायला शिकवणार काय?’ असं पारावर कुणीतरी म्हणेल. वाद घालू नकोस, त्यांना बोलाव आणि मुलाच्या हातचं खायला घाल. तेही पुरलं नाही तर शांतपणे सांग, की १९३७ च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची जी नई तालीम, म्हणजे हातांच्या कामातून शिक्षण, पुढे आली, तिच्या सेवाग्रामच्या शाळेत स्वयंपाक आणि सफाई ही सगळ्यांच्याच शिक्षणाचा भाग होती.

सामानाला पैसे नाहीत असं लिहिलंयस. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. मॉंटेसरीचं महागडं साहित्य तिथल्या खेड्यातल्या मुलांना परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, पानं, काड्या यांतून बालवाडी उभी केली. तुला तर पाट, परात, वाट्या आणि चमचे एवढंच हवंय, आणि ते प्रत्येक घरात आहे. ओट्याची उंची मुलांना पुरत नाही, म्हणून जमिनीवर सतरंजी अंथर आणि सगळं खाली मांड. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आधी भेट. त्यांच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरू नकोस आणि त्यांचं रोजचं काम मुलांकडून करून घेऊ नकोस. त्यांना शनिवारी सन्मानानं बोलाव. कुठल्या मुलाला काय पचत नाही, कोण उपाशी येतं, हे त्यांना तुझ्याआधी कळलेलं असतं.

सुरक्षिततेत मात्र कसूर नको. तळणीचा पदार्थ वर्गात करायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. गॅस तूच पेटवायचा आणि तूच बंद करायचा. त्याच्या भोवती हातभर अंतरावर खडूनं रेघ ओढ, तिच्या आत कुणी यायचं नाही. वेण्या वर बांधलेल्या, ओढणी बाजूला, बाह्या दुमडलेल्या. झाकण उघडताना वाफ मुलांच्या विरुद्ध दिशेला जाऊ दे. वाफेनं भाजलेलं विस्तवाइतकंच वाईट असतं. भाजलंच तर तो भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली धर, वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावायचं नाही. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, हातावर भाजलं असेल तर थेट दवाखाना. कच्च्या मैद्याचा गोळा चाटू देऊ नकोस, कच्च्या पिठात जंतू असू शकतात. शेंगदाणे, दूध, गहू कुणाला चालत नाहीत, हे पालकांना आधी विचारून वहीत लिहून ठेव. वर्गात मोठ्यांबरोबर धाकटी भावंडं येऊन बसतात, त्यांच्या हातात अख्खे शेंगदाणे पडू देऊ नकोस, घशात अडकतात. त्यांच्यासाठी कूट.

खायला बसताना गोल करून बस आणि तूही त्यांच्यातच बस. वाढणारे दर शनिवारी बदल. गावात अजून कोण कुणाच्या हातचं खातं याचे हिशेब चालतात, हे तुला मी सांगायला नको. कुणी मूल ताट बाजूला सारताना दिसलं तर ते पाहिलं न पाहिल्यासारखं करू नकोस. त्याला रागावूही नकोस, ते घरून शिकून आलेलं असतं. तू त्याच परातीतून, त्याच हातचं, सगळ्यांसमोर खा, आणि पुढच्या शनिवारी त्या दोघांना एकाच परातीवर कणीक मळायला बसव. हे काम भेळ आणि केकपेक्षा मोठं आहे आणि यात तू डगमगू नयेस असं मला मनापासून वाटतं.

भांडी घासणं, झाडणं, ओला-सुका कचरा वेगळा करणं हे सगळं साडेदहाच्या आत उरकेल असं वेळापत्रक ठेव, नाहीतर ते ताईंवर पडेल. दोन तासांपैकी शेवटचा अर्धा तास आवरण्याचाच धर.

या शनिवारसाठी चिंच शुक्रवारी संध्याकाळी भिजत घाल, चुरमुरे त्याच सकाळी आण, आणि लिंबं दोन-चार जास्तीची घे, कारण पहिली दोन-चार सतरंजीवरच सांडणार. बटाटे फार मऊ उकडू नकोस, सोलताना हातात कुस्करतात. रविवारी फोन कर. कोण काय म्हणालं ते मला सविस्तर ऐकायचं आहे.

तुझ्या
बाई