कंबरेचे माप कपड्यांवरून सांगू नका

आपण लिहिले आहे की उंची १५८ सेंटिमीटर, वजन ५७ किलो आणि उपाशीपोटीची साखर ९४ आहे. तरीही कंबर ८९ सेंटिमीटर भरल्यामुळे आपण अस्वस्थ आहात आणि घरचे मात्र ‘तू तर बारीक आहेस’ म्हणून विषय संपवतात. हे वाचताना मला माझीच जुनी फाइल उघडल्यासारखे वाटले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान आपल्या डॉक्टरांनीच करावे. पण आपली अस्वस्थता अगदी रास्त आहे.

माझी चूक अशी की दरवर्षीच्या आरोग्य तपासणीच्या अर्जात कंबरेच्या रकान्यात मी पँटच्या लेबलवरचा आकडा, म्हणजे ३० इंच, लिहीत असे. पँट पोटाच्या खाली बसते आणि लेबलवरचा आकडा प्रत्यक्ष मापाशी जुळतोच असे नाही, हे माझ्या ध्यानातच आले नाही. पण ज्या तपासणी केंद्रात मी सलग तीन वर्षे गेले, तिथेही कोणी टेप हातात घेतली नाही. उंची आणि वजन घेऊन बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा आकडा, काढला आणि अहवालावर ‘सामान्य’ असा शिक्का मारला. याचा राग मला आजही आहे, कारण टेपने माप घ्यायला एक मिनिटसुद्धा लागत नाही.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी माझ्या सर्वांत खालच्या बरगडीवर आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर बोट ठेवून दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप लावली. मी नकळत पोट आत घेतले, तेव्हा नेहमीसारखा श्वास बाहेर सोडेपर्यंत त्या थांबल्या. माप ९१ सेंटिमीटर, म्हणजे जवळपास ३६ इंच भरले. त्याच आठवड्यात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, ६.८ टक्के आली; ६.५ पासून मधुमेह धरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार स्त्रियांची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका वाढतो आणि ८८ च्या पुढे तो बराच वाढतो. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हाही एक सोपा हिशेब आहे. आपल्या बाबतीत ते निम्मे ७९ होते. यकृत आणि आतड्यांभोवती साठलेल्या चरबीमुळे इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावतो आणि ही चरबी वजनकाट्यावर वेगळी दिसत नाही. रजोनिवृत्तीच्या सुमारास वजन फारसे न वाढताही चरबी पोटाकडे सरकू शकते, म्हणून त्या वयात केवळ काट्यावर विसंबणे मला तरी धोक्याचे वाटते. अर्थात कंबर मोठी म्हणजे मधुमेह झालाच असे नाही. तो पुढच्या तपासण्या करून घेण्याचा इशारा आहे.

एकट्या उपाशीपोटीच्या साखरेवर समाधान मानू नका. एचबीएवनसी करून घ्या आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी साखर पाहण्याची चाचणी आपल्याला हवी का, हे डॉक्टरांना विचारा. सोबत हिमोग्लोबिनही तपासा, कारण लोहाच्या कमतरतेमुळे एचबीएवनसी खोटे वाढलेले दिसू शकते. गरोदरपणात साखर वाढली होती का, हे आपण लिहिलेले नाही. वाढली असेल तर कितीही वर्षे उलटली असली तरी डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि तेव्हाचा कागद सापडत नसेल तर तोंडी सांगा.