चालता संगणक मधेच बंद का पडतो? : वाचकांचे प्रश्न

सुटे भाग आणून घरी जोडलेल्या संगणकांविषयी खान्देशातून येणाऱ्या पत्रांचा सूर अलीकडे एकसारखा झाला आहे. संगणक मधेच बंद पडतो, कोणीतरी काहीतरी सांगते, त्यावर विसंबून एखादा भाग बदलला जातो आणि दुखणे जिथल्या तिथे राहते. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न (धुळे) : गेम सुरू केल्यावर थोड्याच वेळात संगणक आपोआप रीस्टार्ट होतो. निळा पडदा (विंडोजचा त्रुटी-संदेश) येत नाही. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसते. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून दिला, पण फरक पडला नाही.

उत्तर : पडणारही नव्हता. ४१ क्रमांकाची नोंद एवढेच सांगते की मागील वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तो का बंद झाला, हे त्या नोंदीत नसते. ग्राफिक्स कार्डावर ताण येताच वीज गेल्यासारखा रीस्टार्ट होत असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, घ्यावा. त्याच्यावरील लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट छापलेले असते आणि खाली १२ व्होल्टच्या रकान्यात १४ अँपिअर, म्हणजे अवघे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली बहुतेक वीज याच १२ व्होल्टमधून घेतात, त्यामुळे कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळालेला एसएमपीएस नेमका गेमच्या वेळी मान टाकतो. हिरवी आणि काळी तार जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ठीक आहे, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्या चाचणीत ताण नसतो. मान्य मर्यादा ११.४ ते १२.६ व्होल्ट अशी आहे, परंतु क्षणभराची घसरण साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही. खात्रीचा, पुरेशा क्षमतेचा दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे हाच खरा मार्ग, आणि तो लावताना जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल वापरू नयेत, कारण त्यांची जोडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि त्यात हार्ड डिस्क जळू शकते. हे काम जाणकार तंत्रज्ञासमोर करावे.

प्रश्न (अमळनेर) : लाइट गेल्यावर तारीख आणि वेळ मागे जाते. मदरबोर्ड गेला का?

उत्तर : नाही, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा बटणासारखा सेल बदला.

प्रश्न (चाळीसगाव) : रॅम वाढवल्यापासून निळा पडदा येतो आणि दर वेळी वेगळाच संदेश दिसतो. विंडोज बदलावे का?

उत्तर : विंडोजला हात लावू नका. संदेश दर वेळी बदलतो तेव्हा रॅम आधी तपासायची असते. बायोसमधील (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंगमधील) एक्सएमपी हा रॅमचा वेग वाढवणारा पर्याय बंद करा. तो पर्याय म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) असते आणि दोन वेगवेगळ्या संचांतील पट्ट्या त्या वेगाला एकत्र टिकतीलच असे नाही. नंतर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवा. एक चूक दिसली तरी ती जास्तच समजावी. मग एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून तपासा, म्हणजे दोष पट्टीचा की स्लॉटचा, हे कळेल. निकालाचा फोटो काढून विक्रेत्याकडे जा.

प्रश्न (शहादा तालुका) : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, कधी कधी कीबोर्ड आपोआप बंद होतो. ‘असेंबल्ड मशीनमध्ये असे चालतेच, पायात चप्पल घाला’ असे दुकानात सांगितले.

उत्तर : चालत नाही. एसएमपीएसच्या आत विजेतील नको असलेली खरखर (नॉइज) गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह आर्थिंगच्या तारेने जमिनीत जायचा असतो. ती वाट नसेल, तर २३० व्होल्टच्या घरात कॅबिनेटचा पत्रा जवळजवळ त्याच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. ग्राफिक्स कार्ड टीव्हीला जोडताना पोर्ट उडणे, माउस-कीबोर्ड मधेच सुटणे, हे पुष्कळदा यातून घडते, आणि ‘सर्ज प्रोटेक्टर’ म्हणून महाग विकला जाणारा एक्स्टेंशन बोर्डही आर्थिंगविना निम्मे काम करतो. चप्पल घातल्याने तुम्हाला झटका कदाचित जाणवणार नाही. मदरबोर्डला चप्पल नसते. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन छिद्रांच्या बोर्डात बसवणारे लोक मी पाहतो, तेव्हा संतापच येतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: कोळसा-मीठ घालून केलेला आर्थिंगचा खड्डा वैशाखात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की कोरडा होतो आणि पावसाळ्यात चांगले असलेले आर्थिंग उन्हाळ्यात नावापुरते उरते. त्यात पाणी घालावे लागते, हे घर बांधणाऱ्याने कधी सांगितलेलेच नसते. घरात थ्री फेज असेल आणि मुख्य न्यूट्रल सैल झाला असेल, तर एखाद्या फेजवर ३०० व्होल्टच्याही वर दाब येऊ शकतो. मग संगणकासोबत फ्रिजही जातो. म्हणून एकही भाग विकत घेण्यापूर्वी परवानाधारक वायरमनला बोलावून आर्थिंग आणि न्यूट्रल मोजून घ्या. तोवर संगणक वापरू नका, आणि ही तपासणी स्वतः करू नका.

प्रश्न (भुसावळ) : मे महिन्यात संगणक दुपारीच बंद पडतो, रात्री चालतो. झाकण काढून टेबल फॅन लावला तर?

उत्तर : त्याने धूळ वाढेल, मूळ दुखणे जाणार नाही. जिनिंगच्या आसपास राहत असाल, तर प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत कापसाच्या तंतूंची अक्षरशः गादी बसलेली आढळेल. संगणक बंद करून, पंखा बोटाने धरून ती ब्लोअरने काढा. त्यानंतरही प्रोसेसर ९५ अंशांच्या घरात जात असेल, तर कूलरची बैठक आणि थर्मल पेस्ट तंत्रज्ञाकडून तपासून घ्या.

प्रश्न (चोपडा) : एसएमपीएस उघडून फुगलेला कपॅसिटर बदलू का?

उत्तर : मुळीच नाही, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात.

प्रश्न (जळगाव) : इंटेलचा चौदाव्या पिढीचा आय-७ आहे. गेम उघडताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश येतो, म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलले, तरी तेच. मित्र म्हणतात, पुढचे अपडेट येईपर्यंत थांब.

उत्तर : थांबू नका. तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे बिघडतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, आणि हा संदेश त्या बिघाडाचे ओळखीचे लक्षण आहे. नवीन बायोसने पुढचे नुकसान टळते. झालेले भरून येत नाही. कंपनीने अशा बॉक्स पॅक प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे. मात्र अनेक दुकानांत काही रुपये स्वस्त म्हणून खोक्याविना ‘ट्रे’ प्रोसेसर गळ्यात मारला जातो आणि त्याची जबाबदारी घ्यायला नंतर कोणी पुढे येत नाही. बायोस अद्ययावत करा, तरीही संदेश येत राहिला तर बिल आणि प्रोसेसरवरील क्रमांक घेऊन याच आठवड्यात कंपनीच्या वॉरंटी विभागाशी संपर्क साधा.