झाडीतलं घर घेण्याआधी

तुम्ही विचारलंय की नवऱ्याची बदली अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉलीला होतेय, शेजारच्या केरी गावात गर्द झाडीतलं एक घर आवडलंय, पण तिथल्या घरमालकांच्या असोसिएशनचे नियम फार कडक आहेत असं ऐकलं, तर घ्यावं का? सासूबाई सहा महिने येऊन राहणार आहेत, असंही लिहिलंय. व्हिसा, कर्ज, क्रेडिट स्कोअर यांवर मी काही लिहीत नाही, ते सगळीकडे मिळेल. पण तुमचा प्रश्न वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना.

आम्ही 2013 मध्ये याच भागात असंच घर घेतलं. मागे लॉबलॉली पाईन, ओक, स्वीटगम. झाडं बघून भुललो आणि नियमांचं बाड क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, आदल्या रात्री नुसतं चाळलं. तुम्ही तसं करू नका. नॉर्थ कॅरोलिनात ड्यू डिलिजन्स फी म्हणून रक्कम घर विकणाऱ्याला आधीच द्यायची पद्धत आहे आणि आपण मागे फिरलो तर ती बुडते. म्हणून ते बाड ऑफर देण्याआधीच मिळवा. काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे, म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयात, त्याची नोंद असते.

रंग, कुंपण, मेलबॉक्स हे सगळे विचारतात. तुम्ही आधी झाडांचं कलम वाचा. आमचा एक पाईन लेकीच्या खोलीकडे कलला होता. तो काढायचा अर्ज तीनदा अडला: प्लॉटच्या नकाशावर झाड दाखवलं नाही म्हणून, मग आर्बरिस्टचं, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाचं, पत्र नाही म्हणून, मग त्या महिन्यात असोसिएशनच्या समितीची बैठकच नाही म्हणून. वादळ येणार असलं की आम्ही तिला आमच्या खोलीत झोपवायचो. सहा वर्षांची होती. पाईन केव्हाच गेला, पण वारा सुटला की ती अजून दचकून उठते. त्या तीन अर्जांचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

झाडीत सावली असते तशी ओलही असते. उत्तरेकडच्या भिंतीवर हिरवट थर धरतो आणि तीस दिवसांत धुवा असं पत्र येतं. तुळशीला ऊन पुरत नाही. सोलर बसवायचं असेल तर 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रॉलीतल्याच एका घरमालकाच्या बाजूने निकाल दिलाय तो वाचा, पण आधी छपरावर ऊन किती पडतं ते बघा. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर सुनावणी होते आणि मग दिवसाला 100 डॉलरपर्यंत दंड लावायची मुभा कायद्यानेच दिलीय. थकला तर घरावर बोजा चढतो. तरी एक मान्य करते: आमच्या गल्लीत झाडं उभी आहेत ती या नियमांमुळेच.

एकटेपणाचंही विचारलंत. पहिली दोन वर्षं वाटतो, मग माणसं मिळतात. त्याची काळजी नको.

अण्णांचं मात्र सांगते. माझे वडील 2016 मध्ये दापोलीहून आले. इथे पाईनच्या सुया गठ्ठ्यांनी विकत आणून झाडांच्या बुडाशी पसरतात. त्यांना ते पटेना. "अगं, पातेरा कोणी विकत आणतं का?" म्हणत ते रोज सकाळी मागच्या सुया गोळा करून बुंध्यांना घालायचे. मग आंघोळ, आणि स्वतःचा पंचा स्वतः धुवायचा. एक दिवस त्यांनी घराच्या बाजूच्या दोन ओकांना दोरी बांधली आणि त्यावर तो वाळत घातला.

आठवड्याभरात पत्र आलं, फोटोसकट. रस्त्यावरून काढलेला. अण्णा त्यात नव्हते, फक्त दोरी आणि पंचा.

मी तेव्हा काय करायला हवं होतं? दोरी मागच्या बाजूला हलवता आली असती. किंवा समितीपुढे जाऊन बोलता आलं असतं, ती शेजारचीच माणसं होती. मी ते पत्र अण्णांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "इथे असलं चालत नाही, लोक बघतात." मला लाज वाटत होती, पत्राची नाही, पंचाची. अण्णा काही बोलले नाहीत. बाहेर गेले, गाठी सोडल्या, दोरीची नीट गुंडाळी करून बॅगेत ठेवली. नंतर पंचा बाथरूमच्या दांडीवर असायचा, कायम दमट. सहा महिने राहायचं ठरलं होतं, चौथ्या महिन्यात त्यांनी तिकीट बदलून मागितलं. भात लावणीचं कारण सांगितलं. पुन्हा आले नाहीत, आणि 2019 मध्ये गेले.

कागदांच्या फायलीत ते पत्र अजून आहे. त्यांच्या इथल्या राहण्याचे पुष्कळ फोटो माझ्याकडे आहेत, पण मी तोच काढून बघते.

घर घ्या. मात्र बघायला जाल तेव्हा दुपारी जा. मागच्या डेकवर ऊन किती वेळ राहतं ते बघा, आणि तिथे दोरी बांधली तर रस्त्यावरून दिसेल का तेही. नियमांत कपडे वाळत घालण्याचं कलम असेल तर सासूबाई यायच्या आधी समितीला लेखी विचारून ठेवा.