भावाचं थकलेलं कर्ज आधी मिटवा, टेम्पोचं नंतर बघू

ताई, बाकीच्या वाचकांसाठी तुमचं पत्र आधी थोडक्यात सांगतो. तुमचा धाकटा भाऊ मारामारीच्या गुन्ह्यात साडेतीन वर्षांची शिक्षा भोगून कळंबा कारागृहातून घरी आलाय. आत जाण्याआधी त्याने एका फायनान्स कंपनीकडून पर्सनल लोन घेतलं होतं. त्याचं १ लाख १० हजार मुद्दल राहिलं होतं, आता व्याज-दंड धरून ३ लाख १० हजार दाखवतायत. वसुलीवाले म्हणतात, ९० हजार एकरकमी भरा, विषय मिटवतो. शिरोली एमआयडीसीतला एक फॅब्रिकेशनवाला त्याला १४ हजारांवर ठेवायला तयार आहे. भावाला मात्र ४ लाख ८० हजारांचा सेकंडहँड टेम्पो घ्यायचाय. त्याला कुणी कर्ज देणार नाही, म्हणून साडेतीन लाखांचं कर्ज तुमच्या नावावर काढायचं आणि वरचे १ लाख ३० हजार तुमच्या ४ लाख २० हजारांच्या एफडीतून घालायचे, असं घरात जवळजवळ ठरलंय.

माझं मत असं आहे. कर्ज मिटवा, पण अटी सांभाळून. नोकरी त्याने लगेच धरावी. टेम्पोचं कर्ज तुमच्या नावावर काढू नका.

तुमचा पगार हातात ३१ हजार, घरखर्च २१ हजार. म्हणजे महिन्याला १० हजार उरतात. तुम्ही कळवलेल्या १७ टक्के दराने साडेतीन लाखांचा ४ वर्षांचा हप्ता साधारण १० हजार १०० येतो. टायर, इन्शुरन्स, फिटनेस हे सगळं वेगळं. भाडी लागली नाहीत, त्या महिन्यात तुमची सगळी शिल्लक हप्त्यात जाईल आणि मुलीच्या अकरावीची फी कुठून भरायची, हा प्रश्न पडेल. शिवाय गाडी तुमच्या नावावर असली तर अपघाताच्या दाव्यात मालक म्हणून नोटीस तुम्हालाच येते.

पण पैशाचं गणित जमलं असतं तरी मी नकोच म्हणालो असतो. कर्ज तुमच्या नावावर निघालं की फेडल्याची नोंदही तुमच्याच नावावर होते. भावाने ४ वर्षं राबून एकही हप्ता चुकवला नाही, तरी सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या लेखी त्याने काहीच फेडलेलं नसतं. चार वर्षांनी तो बँकेत गेला की पुन्हा तुम्हालाच सोबत जावं लागेल. त्याला आज सगळ्यात जास्त गरज आहे ती स्वतःच्या नावावरच्या चांगल्या नोंदीची. राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवडा कारागृहात ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली. शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांना ५० हजारांपर्यंत कर्ज, ७ टक्के व्याज, जामीनदार नको, परतफेड तिथल्या कामाच्या मजुरीतून. रक्कम लहान, पण कर्ज त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर आणि फेडही त्याच्याच कमाईतून. मला ती योजना फार मोलाची वाटते, ती याचसाठी.

तोच विचार जामीनकीला लावा. कुणी पतसंस्था सुचवेल आणि ‘ताई फक्त जामीनदार’ म्हणेल. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने कर्जदाराइतकीच असते. वसुलीवाला आधी तुमच्याकडेही येऊ शकतो.

आता नोकरी. १४ हजार ऐकून भावाचा चेहरा पडला, असं तुम्ही लिहिलंय. मालक पीएफ आणि ईएसआयसी भरणार आहे का, हे आधी विचारा. भरणार असेल तर कापून हातात १२ हजारांच्या आसपास येतील, पण पीएफमध्ये मालकाचाही हिस्सा पडेल आणि ईएसआयसीतून उपचाराची सोय होईल. पगार बँकेतच घ्या. पुढे टेम्पोसाठी स्वतःच्या नावावर कर्ज मागायला जाताना त्याच्या हातात पगाराच्या पावत्या असतील.

मालकाला शिक्षेचं सांगितलंय का, हे पत्रात नाही. सांगितलं नसेल तर भावाने स्वतः जाऊन सांगावं, रुजू होण्याआधी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात भरतीच्या वेळच्या पडताळणीबद्दल हाच मुद्दा धरला होता: माहिती खरी द्या, गुन्हा किती गंभीर हे नेमणारा बघेल, पण लपवलं तर लपवणं हेच काढून टाकायला कारण होऊ शकतं. खाजगी वर्कशॉपमध्येही वेगळं काही घडत नाही. सहा महिन्यांनी कुणीतरी कान भरतो आणि मालकाला फसवल्यासारखं वाटतं.

कर्जाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घाईत नुकसान होतं ते इथेच. सगळ्यात आधी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर भावाच्या नावाने शोध घ्या. कर्ज घेताना सहीचे कोरे चेक दिले असतील आणि त्यातला एखादा बाउन्स करून कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याची केस टाकली असेल, तर तो आत असताना समन्स घरी येऊन गेलेलं असू शकतं. शिक्षा भोगून आलेल्या माणसाच्या दारात त्या केसचं वॉरंट येणं, ही वेळ काही करून टाळायची आहे. केस असेल तर ती मागे घेण्याचं तडजोडीतच लिहून घ्या. लोकअदालतीत मिटवता आलं तर उत्तम.

शेवटचा हप्ता भरून चार वर्षं झाली, असं तुम्ही म्हणता. असल्या वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदत गेलेल्या कर्जालाही नव्या लेखी वचनाने पुन्हा जीव येतो, म्हणून ‘३ लाख १० हजार हप्त्याने भरीन’ असल्या कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करायची नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा, मोफत वकिलाची सोय तिथे होते. पैसे बुडवा, असं मी सांगत नाही. घेतलेलं मुद्दल परत करावं, याच मताचा मी आहे. पण ९० हजारांच्या खाली बोलायला तुम्हाला जागा आहे, हे ओळखून बोला.

तडजोडीचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. लोन खातं क्रमांक, रक्कम, भरायची शेवटची तारीख, आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द त्यात हवेत. पैसे थेट लोन खात्यात भरायचे, वसुलीवाल्याच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. मग ना-देय दाखला घ्या. सिबिलच्या अहवालात ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलं) नाही, ‘सेटल्ड’ (तडजोडीने मिटलं) असा शेरा लागेल आणि तो बरीच वर्षं दिसेल. भाऊ लगेच गृहकर्जाला जाणार नाहीये, म्हणून तो शेरा पुसायला आणखी दोन लाख मोजणं मला पटत नाही. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तक्रार करून ३० दिवसांत नोंद दुरुस्त झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. रात्री साडेनऊला आईला येणारे फोन तर नियमातच बसत नाहीत. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. कंपनीकडे लेखी तक्रार द्या, दाद लागली नाही तर आरबीआय लोकपालाकडे जा.

पैशाची वाटणी अशी करा. ४ लाख २० हजारांतले १ लाख ३० हजार सहा महिन्यांच्या घरखर्चाचे, १ लाख मुलीचे. यांना हात लावू नका. ९० हजारांपर्यंत सेटलमेंटला द्या, पण भावाला उसने म्हणून. नोकरी लागली की त्याच्या खात्यातून दरमहा ३ हजार तुमच्या खात्यात, बँकेतूनच. अडीच वर्षांत फिटतील. उरलेल्या लाखातले १५ हजार त्याच्या नावाने एफडीत ठेवून त्यावरचं क्रेडिट कार्ड घ्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावावर चांगली नोंद सुरू होईल. पेट्रोल, रिचार्ज एवढंच त्यावर, आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं. बाकीचे ८५ हजार त्याच्या टेम्पोसाठी तुमचा वाटा म्हणून बाजूला राहू द्या. दोन वर्षांनी गाडी आणि कर्ज त्याच्या नावावर होत असेल, तर तेव्हा ते आनंदाने द्या.

शनिवारी वसुलीवाला घरी येणार आहे म्हणता. त्याच्याशी नीट बोला, पत्र मागा, पण त्या दिवशी कुठल्याच कागदावर भावाची सही नको. ‘फक्त साक्षीदार म्हणून’ म्हणाला, तरी तुमचीही नको.