गाळवेच्याचं पोट कोण भरतं?

चि. होतकरू लेखिकेस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेतला गाळवेचा हा कल्पित प्राणी झकास जमलाय. समुद्रतळावरची मढी खाणारा, गाळात तोंड खुपसून हिंडणारा. अडचण आहे ती त्याच्या पाठीवर राहणाऱ्या दुसऱ्या जिवाची, दिवटीची. ती उजेड पाडते आणि त्याला अन्न सापडतं, असं तू लिहितेस. पण मढं शोधायला वास पुरतो. त्या काळोखात उजेड पाडला तर खाणाराच चालून यायचा! शिवाय दिवटीच्या पदरात काय पडतं, याबद्दल अवाक्षर नाही. फुकटचं गूळपीठ निसर्गात फार दिवस टिकत नाही.

शंखात राहणारा खेकडा बघ. त्याच्या काही जाती शंखावर समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा एक प्राणी, बाळगतात. समुद्रफुलाच्या दंशाने ऑक्टोपस लांब राहतो आणि फुलाला फिरती जागा नि उष्टं-खरकटं मिळतं. खेकडा वाढला की मोठा शंख शोधावा लागतो. मग तो फुलाला पायांनी थोपटतो, चेपतो. ते हळूहळू पकड सोडतं आणि तो ते नव्या शंखावर नेऊन बसवतो. दंश करणारं फूल इथे मात्र मुकाट सुटून येतं! तुझ्या कथेत असा एक तरी प्रसंग हवा, जिथे दोघांपैकी कुणीतरी अडून बसू शकेल.

आणखी विचित्र काही हवं असेल तर ओसेडॅक्स. कॅलिफोर्नियाजवळ माँटेरे उपसागरात, जवळपास 2,900 मीटर खोलीवर, मेलेल्या देवमाशाच्या हाडांवर हे किडे 2002 साली सापडले. तोंड नाही, आतडं नाही. हाडात मुळं घालायची, आम्लाने हाड विरघळवायचं, आणि मुळांतले जिवाणू पोषणाला हातभार लावणार. गंमत म्हणजे आई पिलाला हे जिवाणू देत नाही. प्रत्येक पिलाला ते समुद्रातून नव्याने मिळवावे लागतात. नाही मिळाले तर? माझ्या मते तुझी कथा इथूनच सुरू व्हायला हवी. उजेडाबिजेडाची तीन पानं खुशाल काढून टाक.

दिवटीला पचनाचं काम देऊन बघ. ते करताना गाळवेच्याला काय गमवावं लागलं, तेही ठरव.

जाता जाता, तुझ्या गाळवेच्यांत मादी दिसली नाही. ओसेडॅक्सच्या मादीच्या नळीत सूक्ष्म नर दाटीवाटीने राहतात आणि अंड्यातल्या बलकावर दिवस काढतात. पुढच्या खर्ड्यात तुझ्याकडचा हिशोब कळव.

तुझा,
काका